मदत हवी आहे: लेकीसाठी नवोदय की सातारा सैनिक स्कूल? पाचवीच्या वर्षात तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

लेक यंदा पाचवीत गेली. मराठी माध्यम, वाघोलीतलीच शाळा. सहावीपासून निवासी शाळेत जायचं हे आधी तिच्याच मनात आलं. तिची मामेबहीण पिंपळे जगतापच्या नवोदयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत आहे. ती सुट्टीत आली की शाळेतले गट, अरवली हाऊस, निलगिरी हाऊस, कोणाची कबड्डीची टीम भारी, हेच रात्री उशिरापर्यंत चालतं. आम्हालाही पटलं. तिचे बाबा रांजणगाव एमआयडीसीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. चांगल्या खासगी शाळेची फी बारावीपर्यंत झेपणार नाही, हे दोघांनी बसून हिशेब करून पाहिलंय.

ज्ञान प्रबोधिनीचा प्रवेश पाचवीलाच होतो, ती वेळ गेली. शिवाय वाघोलीहून रोज सदाशिव पेठ म्हणजे मुलीचा अर्धा दिवस नगर रस्त्यावरच जाणार. त्यामुळे आता दोनच शाळा डोळ्यांसमोर आहेत, पिंपळे जगतापचं नवोदय आणि सातारचं सैनिक स्कूल.

सगळ्यात आधी माझी खरी अडचण सांगते. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. शहरी शाळेत एक दिवस जरी बसली तरी मूल शहरी धरतात. लेकीची तिसरी आजोळी, शिरूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. चौथीपासून ती इथे आहे. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. म्हणजे ती शहरीच धरायची ना? शेजारपाजारचे दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगतात. वाघोली, मांजरी, नऱ्हे अशा समाविष्ट गावांमधून अलीकडे कोणी फॉर्म भरला असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखल्यावर काय लिहून दिलं आणि पुढे कागदपत्रं तपासताना काय झालं, ते कृपया सांगा.

एका क्लासवाल्यांनी यावर उपाय सुचवला की नाव गावाकडच्या शाळेत टाका, हजेरीचं आम्ही बघतो, मुलगी आमच्या निवासी बॅचला राहील. मी तिथेच नाही म्हटलं. त्या जागा ज्यांच्या गावात ना क्लास आहे ना वाचनालय, अशा मुलांसाठी ठेवल्यात. माझ्या भावाची मुलगी त्यातूनच लागली. तिच्यासारख्या एखादीची जागा खोट्या हजेरीवर घेऊन लेकीला पुढे पाठवायचं नाही. शहरी ठरली तर शहरीतून लढेल. फक्त तिथे स्पर्धा किती कठीण जाते, याचा खरा अंदाज हवा आहे.

आता अभ्यासाचं. नवोदयचा पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे म्हणजे सगळे आकृत्यांचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. आकृत्या तिला मनापासून आवडतात. कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसं दिसेल, हा प्रकार सुरुवातीला अजिबात जमत नव्हता. मग माझ्याकडच्या कापडाच्या कटिंगचे कागद घेऊन तिने खरोखर घड्या घातल्या, कात्रीच्या टोकाने भोकं पाडली आणि उघडून पाहिली. आता कागद हातात न घेता बोटाने हवेत घडी घालते आणि उत्तर सांगते. लपलेली आकृती शोधणंही पटकन होतं.

अडतं ते भाषेत. चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. ती उतारा भरभर वाचते आणि उत्तर मात्र उताऱ्यातलं न देता स्वतःला जे योग्य वाटतं ते देते. 'शेतकऱ्याने बैल का विकला?' या प्रश्नाला उताऱ्यात स्पष्ट कारण होतं, पण बाईसाहेबांनी 'बैल म्हातारा झाला होता' हा पर्याय निवडला, कारण आजोबांच्या गोठ्यात तसं घडलं होतं. तिला रागावण्यासारखं यात काही नाही, पण गुण तर जातात. ही सवय कोणी मोडली असेल, तर कशी? मी सध्या उत्तराची ओळ उताऱ्यात पेन्सिलने अधोरेखित करायला लावते. त्यात वेळ फार जातो.

सैनिक स्कूलच्या सहावीच्या पेपरचं गणित वेगळं आहे. १२५ प्रश्न, ३०० गुण, अडीच तास. त्यात एकट्या गणिताला १५० गुण. उरलेले बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांना प्रत्येकी ५०. सहावीसाठी पेपर मराठीतून देता येतो, पण पुढे शिक्षण इंग्रजीतून. लसावि-मसावि आणि शेकडेवारीपर्यंत तिचं ठीक चाललंय, शाब्दिक उदाहरणं वाढली की गोंधळते. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र होते का? आकृत्या आणि अंकगणित दोन्हीकडे कामी येईल असं मला दिसतंय, पण सामान्य ज्ञानासाठी वेगळा वेळ काढावा लागेल. दोन्हींचा भार दहा वर्षांच्या पोरीवर टाकायला मन धजत नाही. एक सोडायची झाली, तर तुम्ही कुठली सोडाल?

तिला गेल्या वर्षी चष्मा लागला. सैनिक स्कूलला लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी असते. चष्मा असलेल्या कोणाची मुलगी त्यातून पार पडली आहे का? मुलींना प्रवेश सुरू होऊन फार वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे आमच्या ओळखीत कोणीच नाही.

खर्चाचं बोलायचं तर नवोदयात राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत आहे. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी असतो, तोही मुलींना माफ. सातारला फी आहे. शिष्यवृत्ती धरून वर्षाला हातातून नक्की किती जातात, हे तिथल्या पालकांनी सांगितलं तर बरं होईल.

नवोदयची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, याचं दडपण तिच्यापेक्षा मलाच जास्त आहे. म्हणून क्लास लावावा का, हा विचार सारखा येतो. निवासी बॅचला मी पाठवणार नाही, ते नक्की. पुढे सात वर्षं ती बाहेरच राहायची आहे, हे एक वर्ष तरी तिने घरी जेवावं. पण संध्याकाळचा तास-दीड तास घेणारे, मुलांना मारझोड न करणारे कोणी शिक्षक वाघोली-खराडी भागात माहीत असतील, तर मला व्यक्तिगत निरोप करा.

भर: खाली दोन ताईंनी विचारलंय म्हणून लिहिते. हो, नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी पट्ट्यातल्या नवोदयात पाठवतात हे माहीत आहे. लेकीला ते ऐकून आनंदच झाला, तिच्या आजीला मात्र नाही. आजीची समजूत घालू. ग्रामीण-शहरीचं उत्तर तेवढं आधी द्या, कारण फॉर्म सुरू होण्याआधी मला मुख्याध्यापकांना भेटून दाखल्याचं विचारायचं आहे.