प्रतिसाद: नानकटाई फ्रीजरमध्ये, भाजलेली की कच्ची?

दिवाळीची नानकटाई आधी करून फ्रीजरमध्ये ठेवली तर नरम पडते, असं वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, ती नरम पडते बाहेर काढल्यावर. गार डबा लगेच उघडला की हवेतलं बाष्प थेट नानकटाईवर बसतं. डबा बंदच ठेवून दोन-तीन तास ओट्यावर राहू द्या. थेंब डब्याला बाहेरून येतील, ते पुसून मग झाकण काढा.

तरी मी म्हणेन, घरी ओव्हन असेल तर कच्चेच गोळे ठेवा. ताज्या भाजलेल्या तुपाचा वास पाहुण्यांसमोर दरवळतो, त्याला तोड नाही. मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप यांत पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे गोठवून पोत बिघडत नाही. गोळे चपटे करून पिस्त्याचे काप तेव्हाच दाबून बसवा, गोठल्यावर ते चिकटत नाहीत. ताटात सुटे मांडून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाले की हवा काढून झिपच्या पिशवीत भरा. -18 अंशांवर 2-3 महिने छान राहतात. पिशवी मात्र दुहेरी हवी, तूप आजूबाजूचा वास फार पटकन ओढतं. भाजताना वितळवू नका. 160-170 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये थेट ठेवा, नेहमीपेक्षा 2-3 मिनिटं जास्त.

आपल्या बडोद्यात ज्यांची नानकटाई अजून भट्टीवर जाते, त्यांनी गर्दीच्या आधीच सगळी भाजून आणावी आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावी.