नारिंगी शर्टाचा दिवस म्हणजे 'कलर डे' नव्हे

एका ताईंनी विचारलंय, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या कॅथलिक शाळेच्या पत्रकात ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालून पाठवा असं आलंय, हा आपल्याकडच्या बालवाडीतल्या 'कलर डे'सारखा प्रकार आहे का? नाही हो, अजिबात नाही.

१९७३ साली फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची आदिवासी मुलगी ब्रिटिश कोलंबियातल्या सेंट जोसेफ्स मिशनच्या निवासी शाळेत गेली. (आदिवासी मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा-संस्कृती पुसायला या शाळा चालवल्या जात.) आजीने घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट शाळेने पहिल्याच दिवशी काढून घेतला, परत दिलाच नाही. तिच्या या आठवणीवरून २०१३पासून हा दिवस पाळतात. २०२१पासून तो कॅनडाच्या केंद्र सरकारचा अधिकृत स्मृतिदिन आहे. ऑन्टारियोत मात्र शाळेला सुट्टी नसते, त्यामुळे डबा द्यायचाच आहे!

कॅथलिक शाळा चालवणाऱ्या बोर्डासाठी हा दिवस जास्त अवघड. कारण कॅनडातल्या निम्म्याहून अधिक निवासी शाळा कॅथलिक संस्थांनीच चालवल्या. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने २०१५मध्ये पोपनी कॅनडात येऊन माफी मागावी असं सुचवलं. पोप फ्रान्सिस यांनी ती २५ जुलै २०२२ला अल्बर्टातल्या मास्क्वासिसमध्ये मागितली. पत्रकात हे किती स्पष्ट लिहितात ते जरूर बघा. नुसतं 'प्रार्थना करूया' असेल, तर पालकसभेत विचारा. सरकारी पैशावर चालणारी शाळा आहे, विचारायला संकोच कशाला?

शर्ट मात्र आदिवासी संस्थांना पैसे जातात अशाच ठिकाणाहून घ्या. नाहीतर घरातला कुठलाही नारिंगी चालतो.