समुद्रातली वस्तू ओली असतानाच स्कॅन करायची की वाळवून?

पाणबुड्या: गोव्याजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. तिथून तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात निघाले. तशा वस्तूंचं, समजा एक तोफगोळा आणि एक सुळा, फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करायचंय. ओल्या पृष्ठभागाच्या चकाकीने मॉडेलला भोकं पडतात. वाळवून फोटो काढले तर? आणि दोन्ही एकाच टबात चालतील?

गंजखोर: दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’. लोखंडात क्लोराइड (समुद्राच्या मिठातला घटक) मुरलेलं असतं. हवा लागली की आत नवा गंज फुगतो आणि गोळ्याचे पोपडे निघतात. सुळा वाळला की थर कांद्यासारखे सुटतात.
लोखंड 2 टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा: लिटरला 20 ग्रॅम. कॉस्टिक (म्हणजे हेच सोडियम हायड्रॉक्साइड) पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. हातमोजे, गॉगल हवेतच. हस्तिदंत त्यात गेलं तर त्यातलं प्रथिन खलास. सुळ्याला वेगळा टब, आणि खाऱ्या पाण्यातून एकदम गोड्यात नको, गोड्याचं प्रमाण हळूहळू वाढवा.

तिरपी लेन्स: चकाकीवर उपाय: फ्लॅशवर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) फिल्म, लेन्सवर पोलरायझर फिल्टर. चकाकी विझेपर्यंत फिल्टर फिरवा. उजेड बराच खाल्ला जातो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढवू नका, फ्लॅश वाढवा. दर 10 अंशांना एक फोटो, तीन उंचींवरून, म्हणजे 108. वस्तू उलटून पुन्हा तेवढेच. फिरत्या पाटावर असेल तर मागे काळं कापड लावा आणि मोजपट्टी पाटावरच ठेवा, म्हणजे वस्तूबरोबर फिरेल.
खरा घोळ ओघळांचा. थेंब प्रत्येक फोटोत जागा बदलतो, सॉफ्टवेअर गोंधळतं. गोळा आधी पाण्याने धुवा, वस्तू स्पंजने टिपा. सुळ्यावर अधूनमधून बारीक फवारा, की पुन्हा टिपणं. आणि नोंदीत ‘ओली’ असं लिहा, कारण ओला रंग गडद दिसतो.

पाणबुड्या: गोळ्यावरचं चुना-वाळूचं कवच आधी फोडू का?

गंजखोर: हात लावू नका! आधी एक्स-रे. कधी लोखंड विरघळून नुसती पोकळी उरते. ती पोकळी म्हणजे आयता साचा. इपॉक्सी ओतून आकार निघतो, नाहीतर सीटी स्कॅनवरून. मात्र लोखंड भरीव असेल तर दवाखान्यातलं यंत्र आरपार बघू शकत नाही, औद्योगिक रेडिओग्राफी लागते.

तिरपी लेन्स: मॉडेलपेक्षा रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, प्रक्रिया न केलेले) फोटो जपा, उद्याचं सॉफ्टवेअर त्यातूनच चांगलं मॉडेल काढेल. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. पहिल्याच दिवशी चेकसम (फाइल बदलली का ते दाखवणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) काढून ठेवा, नाहीतर फाइल सडली हे कळणारही नाही.