दांडी-ब्रेकवाली काळी अ‍ॅटलस

सायकलींच्या या चर्चेत वर एकाने विचारलं, दांडी-ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ब्रेक लागतो ती) सायकल इथं दाखवायची काय? दाखवतो ना बाप्पा! बाबांची अ‍ॅटलस, २२ इंची फ्रेम, २८ बाय दीडचे टायर. रंग मूळचाच, म्हणजे उरला तेवढा.

मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र) काढून २२ चं टाकलं. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागल्या. पुढे पायडलच्या चक्राला ४४ दाते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात आधी साडेपाच मीटरच्या आसपास जायची, आता साडेचार. वेग गेला खरा, पण कॅरिअरवर ढेपेचं (गुरांच्या पेंडीचं) पोतं असलं तरी सायकलवरून उतरावं न लागता शेताचा चढ निघतो. गिअरवाल्यांनी हसून घ्या.

पावसाळ्यात दोन्ही मडगार्ड काढतो. आमची काळी माती आत अशी भरते की चाकच फिरत नाही, मग सायकलच माणसावर बसून घरी येते. पाठीवर चिखलाची नक्षी उमटते, त्यावर घरी बोलणी खातो.

बाभळीच्या काट्यांपुढे मात्र हात टेकले. जुनी ट्यूब कापून टायरच्या आत अस्तर लावलंय, तरी पंक्चर होतेच. कोणी दुसरं काही करून पाहिलं असेल तर सांगा.