हॅलोफाइल : क्षारप्रिय, लवणप्रेमी की मीठखाऊ?

अतिखारट पाण्यातले नवे सूक्ष्मजीव कसे ओळखतात आणि त्यांचं वर्गीकरण कसं करतात, यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'हॅलोफाइल'पाशीच (वाढायला मीठ लागणारे जीव) अडले. शीर्षकातले तिन्ही शब्द सुचले, कोणता ठेवू?

— मीठखाऊ आधी खोडा. मीठ हा त्यांचा खुराक नाही. त्यांतले बरेच जगतात सेंद्रिय द्रव्यांवर, मीठ लागतं ते भोवतीच्या पाण्यात. ग्रीक 'हाल्स' म्हणजे मीठ, 'फिलोस' म्हणजे प्रिय असणारा. लवणप्रेमी सरळ बसतो.

— क्षारप्रियही नको. शाळेत आम्ल आणि आम्लारी मिळून 'क्षार' तयार होतो, म्हणजे तिथे क्षार म्हणजे सॉल्ट. संस्कृतात आणि हिंदीत मात्र क्षार म्हणजे अल्कली, आम्लारीचाच प्रकार. एरवी हा घोळ चालून जातो, इथे नाही. केनियातल्या मगाडी सरोवरासारख्या सोड्याच्या पाण्यात मीठ आणि अल्कली दोन्ही लागणारे जीव आहेत. त्यांना काय म्हणणार, क्षारक्षारप्रिय?

— 'प्रेमी' चालेल, पण 'सहिष्णू' वेगळा ठेवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू साडेसात टक्के मिठातही वाढतो, पण मीठ नसलं तरी त्याचं काही अडत नाही. तो लवणसहिष्णू. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात (घ्या, माझ्याही तोंडी क्षारच आला). तीव्र लवणप्रेमींना लागतं साधारण पंधरा टक्क्यांच्या वर.

— खरं तर हे प्रेमाच्याही पलीकडचं आहे. प्रयोगशाळेत पहिल्यांदा हॅलोबॅक्टेरियम या तीव्र लवणप्रेमीची ग्रॅम रंजनाची (पेशी रंगवून ओळखायच्या पद्धतीची) काचपट्टी केली, तेव्हा सवयीने साध्या पाण्याचा थेंब घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी धड नाही, नुसता चिकट राडा. त्यांच्या पेशीत पोटॅशियम क्लोराइड ठासून भरलेलं असतं आणि भित्तिकाही मिठाच्याच आधाराने उभी असते. साधं पाणी लागलं की फुटतात. म्हणून आधी ॲसिटिक आम्लाने त्या पक्क्या कराव्या लागतात, मग रंग. मिठाला जागणं म्हणतात ते हे!

— लेखात 'जीवाणू' लिहिलंय का? हॅलोबॅक्टेरियम नावात बॅक्टेरियम असलं तरी ते आर्किया आहे, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांपैकी. १९७७मध्ये वूस आणि फॉक्स या शास्त्रज्ञांनी आर्किया हा गट वेगळा काढला, पण नामकरणाच्या नियमांमुळे जुनं नाव राहिलं. उलट सॅलिनिबॅक्टर रुबर, २००२मध्ये वर्णन झालेला, हॅलोबॅक्टेरियमसारखाच लाल, तेवढ्याच मिठात राहणारा, आणि तो मात्र खरा जीवाणू. रंगावर जाऊ नका. सरसकट लिहायचं तर 'सूक्ष्मजीव' बरा.

— मूळ प्रश्नकर्ती. हे सगळं मान्य. मग 'लवणप्रेमी सूक्ष्मजीवाची नवी प्रजाती'?

— जाती! आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. बातम्यांत रोज उलटं छापतात, पण वर्गीकरणाच्या लेखात ही चूक महागात पडेल. हॅलोआर्क्युला ही प्रजाती, तिच्यातली मॅरिसमॉर्टुई ही जाती; अर्थ 'मृत समुद्राची'.

— हिचंच उदाहरण लेखात घाला. सूक्ष्मजीवांची ओळख पटवायला वापरतात ते १६एस आरआरएनए जनुक ओळखीच्या जातींशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळलं, तर नवी जाती असावी असा ढोबळ संकेत आहे. पण मॅरिसमॉर्टुईच्या एकाच पेशीत या जनुकाच्या प्रती एकमेकींपासून सुमारे पाच टक्क्यांनी वेगळ्या आहेत. नुसता आकडा मानला तर एका पेशीत दोन जाती! म्हणून दुसरी जनुकं, पेशीपटलातले मेद, पूर्ण जीनोमची तुलना, असं सगळं तपासतात.

— 'नवी' शब्दही जरा जपून. चौकोनी, पोस्टाच्या तिकिटासारखी चपटी हॅलोक्वाड्राटम वाल्सबाय ही लवणप्रेमी जाती १९८०मध्ये वाल्सबी या शास्त्रज्ञाने इजिप्तच्या सिनाईतल्या मिठाच्या डबक्यात पाहिली. प्रयोगशाळेत ती वाढवता आली २००४मध्ये, रीतसर नाव मिळालं २००७मध्ये. यातलं कुठलं साल नवेपणाचं?

— मूळ प्रश्नकर्ती. मग 'नव्याने वर्णिलेली लवणप्रेमी जाती' असं लिहिते. शीर्षक लांबलं, पण लांबू दे.