आरओ बसवूनही क्रोमियम ०.०६ येतंय, चुकतंय कुठे?

गच्चीवरची: नमस्कार मंडळी. आमची सोसायटी एमआयडीसीच्या कुंपणाला लागूनच आहे. पालिकेची लाइन अजून आलेली नाही, सगळं बोअरवर चालतं. लॅबच्या रिपोर्टात क्रोमियम लिटरला ०.१८ मिलिग्रॅम आलं, मर्यादा ०.०५. घाबरून आरओ घेतला. आता आरओचंच पाणी तपासलं, तर ०.०६! मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) बोअरचा ६४०, आरओचा २१०. बसवणारा म्हणाला, "मॅडम, एकदम परफेक्ट." मेंब्रेन, म्हणजे आरओची गाळणारी पडदी, खराब निघालं का?

चहाबाज: पाणी उकळून घ्या. आमच्याकडे सॉफ्टनर आहे, काही त्रास नाही.

जुना प्लेटर: चहाबाज, उकळून क्रोमियम जात नाही. वाफ उडते, ते भांड्यातच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. आणि सॉफ्टनर धनभारित कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतो. प्लेटिंगचं, म्हणजे धातूला क्रोमचा मुलामा देण्याच्या कामातलं, सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात क्रोमेट होऊन फिरतं, त्याचा भार ऋण. ते सरळ निघून जातं.

ताई, मी सव्वीस वर्षं क्रोम प्लेटिंगच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) काढली. तिथे पिवळंधमक पाणी आम्ही आम्ल घालून पीएच अडीचच्या आसपास आणायचो, मग मेटाबायसल्फाइट. पिवळ्याचं हिरवं झालं की समजायचं, सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेचं झालं. मग चुना, की हिरवट गाळ तळाशी. हा खटाटोप स्वयंपाकघरात कुणी करू नये. घरी आरओच बरा.

पण तुमचा आकडा बघून मेंब्रेनवर माझा संशय नाही. ६४० च्या पाण्याला धड मेंब्रेन ५०-६० वर आणतं. तुमचं २१० म्हणजे पाव भागाहून थोडं जास्त कच्चं पाणी बाजूने येऊन मिसळतंय. ०.१८ चा पाव ०.०४५, वर मेंब्रेनमधून निसटलेलं किंचित. झालं ना ०.०६ च्या जवळपास? मशिनचं झाकण काढा, टीडीएस कंट्रोलरचा छोटा स्क्रू दिसेल, कच्चं पाणी तिथूनच मिसळतं. "चवीसाठी" तो उघडा ठेवतात. पूर्ण बंद करा.

मात्र मीटर क्रोमियम दाखवत नाही हं. ०.१८ ने टीडीएस हलतसुद्धा नाही. मीटर फक्त मिसळण कळायला. खात्री लॅबचीच.

गच्चीवरची: काका, धन्यवाद! स्क्रू चांगला दोन आटे उघडा होता. बंद केल्यावर मीटर ५२. नमुना उद्या देते. एक विचारायचं राहिलं: वाया जाणारं पाणी मी कुंड्यांना घालते, कोथिंबीर आहे.

जुना प्लेटर: कोथिंबिरीला नको. मेंब्रेनने अडवलेलं सगळं त्याच पाण्यात असतं, बोअरपेक्षा दाट. फ्लशला वापरा. आणि शेजारच्या दोन-चार बोअरचेही नमुने काढून सगळ्यांचा अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या. एकटीच्या रिपोर्टपेक्षा चार रिपोर्ट जोडलेले बरे.

गच्चीवरची: रिपोर्ट आला, ०.०१ पेक्षा कमी! कोथिंबीर उपटली. सासूबाईंचं मात्र म्हणणं, चहा पांचट होतो, "तो स्क्रू थोडासा तरी उघड."

जुना प्लेटर: सासूबाईंना सांगा, आलं जास्त किसा.