मदत हवी आहे : खंडणीत नेमकं कोणतं तिकीट मागायचं?

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने एका दीर्घकथेला चिकटून बसले आहे आणि आता गाडी एकाच जागी रुतली आहे. इथे तिकिटं जमवणारे बरेच जण आहेत, लंडनला राहणारेही आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

कथा अशी. मे १९९०. पेनी ब्लॅक या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाला दीडशे वर्षं झाली म्हणून लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, हे खरंच घडलेलं. त्या गर्दीतून एका म्हाताऱ्या तिकीटविक्रेत्याची दहा वर्षांची नात पळवली जाते. खंडणी पैशांत नाही, तिकिटांत हवी आहे. तपास मेट्रोपॉलिटन पोलिसांतल्या एका डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टरकडे येतो आणि त्याला तिकिटांतलं ओ की ठो कळत नाही.

अडचण इथेच आहे. दुर्मीळ तिकीट मागावं, तर ते विकणार कुठे? ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं तिकीट जगात एकच आहे, ते कोणाकडे आहे हे साऱ्या दुनियेला ठाऊक. पेनी रेड, म्हणजे पेनी ब्लॅकनंतर आलेलं लाल तिकीट, त्याची ७७ क्रमांकाच्या प्लेटवरून (छपाईच्या पत्र्यावरून) छापलेली तर बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. असं तिकीट घेऊन अपहरणकर्ता दुकानात शिरला की संपलंच. उलट साधे पेनी ब्लॅक मागावेत, तर ते छापलेच होते सुमारे ६ कोटी ८० लाख, आजही सहज मिळतात. पाच-पन्नास साध्या तिकिटांसाठी कोणी पोर पळवेल, हे मलाच पटत नाही.

शिवाय साधं तिकीटही ओळखता येतं, हे मला बाबांच्या वहीतल्या पेनी रेडमुळे कळलं. भिंगाखाली धरलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘जी’ हे इंग्रजी अक्षर, उजव्या कोपऱ्यात ‘के’. म्हणजे २४० तिकिटांच्या तावात वरून सातवी ओळ, अकरावं घर. त्या काळी तिकिटांना दाते नसत, कात्रीने कापावी लागत. आमच्या तिकिटावर कात्री डावीकडे इतकी आत गेली आहे की चौकटीची रेघच उडाली आहे. वरून माल्टीज क्रॉसचा, म्हणजे फुलीच्या आकाराचा, टपालाचा काळा शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. पेनी ब्लॅकचंही तसंच. जी-के प्रत्येक प्लेटवर असणार, पण अक्षरं हाताने ठोकलेली, त्यामुळे दर प्लेटवर ती जराशी इकडेतिकडे सरकतात. समास, अक्षरं, शिक्का, तिन्ही जुळले की तेच तिकीट. माझा इन्स्पेक्टर हे म्हाताऱ्याकडून शिकतो, आणि हाच भाग मला सगळ्यात आवडतो.

म्हणून मनात तिसरी कल्पना आली आहे : लाल सिंध डाक. १८५२ साली बार्टल फ्रियरने सिंधमध्ये काढलेलं, लाखेच्या चकतीसारखं गोल तिकीट. (हाच फ्रियर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आपलं फ्लोरा फाउंटन त्याच्याच नावाने व्हायचं होतं.) ते इतकं ठिसूळ होतं की वापरातच तुकडे पडत. खंडणी पोचवायला निघालेल्या माणसाच्या खिशात असं तिकीट आणि तिकडे मुलीचा जीव टांगणीला, हे दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. पण मागणारा ते विकायला नव्हे, स्वतःजवळ ठेवायला मागतो आहे, असं मग दाखवावं लागेल. असा झपाटलेला संग्राहक तुम्हाला खरा वाटेल का? जाणकारांनी मोकळेपणाने सांगा.

पोलिसांबद्दलही थोडं. मुलीचा जीव धोक्यात असेल तर वकील येण्याआधीही संशयिताची चौकशी करता येते, त्याला सुपरिंटेंडंटची परवानगी लागते, एवढं वाचलं आहे. कोठडीचे २४ तास, सुपरिंटेंडंटच्या सहीने ३६ आणि मॅजिस्ट्रेटकडून फार तर ९६, हेही. मुलगी सापडेपर्यंत वर्तमानपत्रं बातमी दाबून धरतात, तेही घेतलं आहे. पण म्हाताऱ्याच्या घरी, फोनपाशी रात्रभर कोण बसतं? हाताखालचा सार्जंट की खास माणसं? आणि त्या घरातलं वातावरण कसं असतं? लंडनच्या पोलिसांत कोणी काम केलं असेल तर हे तुमच्याकडूनच ऐकायला हवं.

शेवटचा प्रश्न भाषेचा. लंडनचे शिपाई इन्स्पेक्टरला ‘गव्ह’ म्हणतात. मी ‘साहेब’ लिहिलं की प्रसंग थेट आपल्याकडच्या चौकीत जाऊन बसतो, ‘सर’ लिहिलं की शाळेत. ‘गव्ह’ तसंच ठेवू का? पहिल्यांदा वाचताना अडखळायला होईल का?

कथा जूनअखेर दिवाळी अंकाकडे पाठवायची आहे. कोणाला मसुदा वाचायला वेळ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिकिटांची तीन प्रकरणं लगेच पाठवते.